पावणेपाच लाख भोकं

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं: १९१३, 'राजा हरिश्चंद्र', पहिला भारतीय कथापट. जी.के.च्या पेपरात एक मार्क पक्का! पण त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस फोटो, ब्लॉक आणि छपाईच्या शाईत बुडालेला होता. मला सिनेमावाल्या फाळक्यांपेक्षा डार्करूममधले फाळके जास्त जवळचे वाटतात, म्हणून हा लेखप्रपंच.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे फोटोग्राफी हाताला लागली ती कायमची. गोध्र्याला स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी दुसरं लग्न झालं. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, सोडली. लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, १९०९ मध्ये यंत्रांसाठी थेट जर्मनी गाठली, आणि भागीदारांशी बिनसल्यावर चालता धंदा सोडून घरी बसले. (आपल्याला एक ब्रँच बदलायची तर किती अर्ज करावे लागतात!) वय चाळीस, हातात काही नाही.

अशात मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. मिळेल तो सिनेमा बघायचा, घरी फिल्मचे तुकडे तपासायचे. इतकं की डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासं झालं, उपचारांनी नजर परत आली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघितलं आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन परतले. भांडवल देणाऱ्याला पटवायला काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ पडद्यावर झरझर दाखवली. आज मोबाईलवर टाइमलॅप्सचं बटण असतं, तेच हे.

आता डार्करूमबद्दल. माझे आजोबा चामोर्शीला फोटो स्टुडिओ चालवायचे, त्यामुळे घरात हा विषय निघाला की थांबत नाही. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीचे क्षार. उजेड पडलेले क्षार डेव्हलपरमध्ये काळे होतात, उरलेले हायपो धुऊन काढतं. ऐकायला सोपं आहे. पण रसायनं साधारण वीस अंशाला हवीत, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे! पाणी गरम झालं की जिलेटिन मऊ पडतं, कधी सुटूनही येतं. एटापल्लीकडच्या लग्नाचा रोल असा गेला तर ते लग्न परत थोडंच लागणार? म्हणून आजोबा रात्री बारानंतर काम करायचे, ट्रे माठाच्या पाण्यात ठेवून. फाळक्यांनी मुंबईच्या उकाड्यात, दादरच्या राहत्या घरात हे सगळं उभं केलं, तेही शेकडो फुटांच्या फिल्मसाठी.

आणि ते एकटे नव्हते, हा माझा मुख्य मुद्दा. कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. कडेला भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणारच नाही. हे काम अंधारात सरस्वतीबाई करायच्या. यंत्र होतं, पण ते चालवायला माणूस लागायचा. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. एका फुटात १६ फ्रेम, फ्रेमला दोन्ही कडांची मिळून ८ भोकं. गुणाकार करा: ४,७३,६००. पावणेपाच लाख! ही फक्त एका प्रतीची. निगेटिव्हची वेगळी, कापून टाकलेल्या फिल्मची आणखी वेगळी. एक ओळ तिरकी गेली की पडद्यावर चित्र थरथरणार. शिवाय रसायनं कालवणं, फिल्म धुणं आणि शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. घर चालावं म्हणून दागिनेही त्यांचेच गेले. ३ मे १९१३ ला कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला तेव्हा नाव झालं फाळक्यांचं. पुढे २००९ मध्ये आलेल्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त सरस्वतीबाई बऱ्याच दिसतात, ते बरं झालं. जी.के.च्या पुस्तकात अजून नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. फाळक्यांनी बरेच चित्रपट काढले, पुन्हा भागीदारांशी फाटलं, बोलपट आले आणि त्यांचं तंत्र मागे पडलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, फारशी कुणी दखलही घेतली नाही.

ती फिल्म नायट्रेटची होती. नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवत जळतं, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि बरंच गेलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं तेवढं बघायला मिळतं. त्यातही हे चित्रण १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक मानतात. यूट्यूबवर जरूर बघा. कडेची भोकं मात्र तिथे दिसत नाहीत.