हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर, ज्यांनी साध्या माणसाला वाचायची चटक लावली

आज नेटफ्लिक्सवर रात्र रात्र जागून थ्रिलर बघणाऱ्यांच्या आजोबांनाही हाच नाद होता. फक्त त्यांच्या हातात मोबाईलऐवजी स्वस्त कागदावर छापलेलं एक छोटं पुस्तक असायचं. शाळेतली पोरं ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची, सापडलं की मार खायची आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन पुढचं घेऊन यायची.

त्या पुस्तकांवर नाव असायचं बाबूराव अर्नाळकर.

हे त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906 चा. अर्नाळा म्हणजे विरारजवळचं, समुद्रातल्या किल्ल्यामुळं ओळखलं जाणारं गाव. पुढं हे टोपणनाव इतकं गाजलं की चव्हाण कोण, हे विचारायचंच लोक विसरले.

चाळीसच्या दशकात ते रहस्यकथा लिहू लागले. ‘चौकटची राणी’ हे त्या सुरुवातीच्या काळातलं गाजलेलं नाव. त्यानंतर जो धडाका लागला तो हजाराच्या पुढं गेला. हिशोब करून बघा. चाळीस वर्षं धरली तरी महिन्याला दोन पुस्तकं होतात. हातानं लिहून!

बऱ्याच गोष्टी इंग्रजी रहस्यकथांवर बेतलेल्या असत. पण वाचताना ते जाणवायचं नाही, कारण माणसं आणि रस्ते सगळे मुंबईचे वाटायचे. धनंजय आणि छोटू ही गुप्तहेरांची जोडी होती. झुंजार होता, सोबत त्याची विजया आणि मित्र नेताजी. आणि काळापहाड होता. दिवसा चंद्रवदन नावाचा सभ्य गृहस्थ, रात्री कायदा बाजूला ठेवून बदमाशांना धडा शिकवणारा. वाचकांचा लाडका कोण, तर पोलिसांना चकवणारा हा माणूस.

समीक्षकांनी मात्र त्यांना कधी फारसं जवळ केलं नाही. हे लिखाण म्हणजे वेळ घालवायचं साधन, साहित्य नव्हे, असा एकूण सूर होता. तक्रार अगदीच खोटी नव्हती. इतक्या वेगानं लिहिलं की पात्रं साच्यातली होतात, कथानकं एकमेकांसारखी वाटू लागतात. पण कथाकादंबऱ्या ज्यांच्या घरात कधी आल्याच नव्हत्या, असे किती तरी लोक अर्नाळकरांमुळं लायब्ररीचे सभासद झाले. त्यातले अनेक पुढं गंभीर साहित्याकडं वळले. हे काम समीक्षकांच्या आवडत्या लेखकांना जमलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

त्यांच्या गोष्टीत एक जागा रिकामी राहिली. चंद्रवदन दोन आयुष्यं जगतो, पण त्याचं ओझं त्याला कधी जाणवत नाही. मुखवटा काढला की हा निवांत झोपतो. त्याच काळात, 1955 साली, अमेरिकेच्या पॅट्रिशिया हायस्मिथनं ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ लिहिली. तिथंही नायक दुसऱ्याच्या नावानं जगतो आणि वाचक त्याच्याच बाजूनं असतो. फरक इतकाच की रिप्लेच्या डोक्यात आपण अडकतो, तो पकडला जाईल या भीतीनं आपल्यालाच घाम फुटतो. खून कोणी केला हा प्रश्नच तिथं नसतो. सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतात तो हाच प्रकार.

म्हणून ज्याला काळापहाड आवडतो, त्यानं पुढं रिप्लेच वाचावी. त्याआधी काहीतरी छोटं हवं असेल तर एडगर ॲलन पोची 1843 ची ‘द टेल-टेल हार्ट’ पुरे. दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट, पण खुनी स्वतःच सगळं सांगतो आणि सांगता सांगता ढासळतो. डॅफ्नी द्यू मोरिएची ‘रिबेका’ जरा सावकाश चढते, धीर धरावा लागतो. मराठीतच राहायचं असेल तर रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ हा गूढकथासंग्रह घ्या. त्यात भीती बाहेरून येत नाही, घरातल्याच माणसांच्या मनातून निघते. भुताखेतांकडं झुकायची तयारी असेल तर नारायण धारप आहेतच.

अर्नाळकर 1996 साली गेले. तोवर टीव्ही घराघरात पोहोचला होता आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्या एकेक करून बंद पडत होत्या. स्वस्त कागदावरची ती पुस्तकं हाताळून हाताळून फाटली, रद्दीत गेली. अलीकडं त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या आहेत. सुरुवात करायची तर झुंजारपासून करा, धनंजय-छोटू नंतर.