समजून घ्या : तुरुंगातून सुटल्यावर जमनालाल बजाज गुरांकडे का वळले? बोरच्या जंगलाशी त्याचा काय संबंध?

वर्धा : बजाज म्हटलं की आधी स्कूटर आठवते. पण १९२६ मध्ये या उद्योगसमूहाचा पाया घालणाऱ्या जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने वर्ध्याजवळच्या गोपुरीत, एका साध्या कुटीत राहून गुरांच्या कामाला दिले. अनेक वर्षं काँग्रेसचे खजिनदार राहिलेल्या या माणसाने हे काम का निवडलं? आणि आज वन्यप्राण्यांच्या आरोग्याची चर्चा होत असताना ते का आठवायचं?

जमनालाल वर्ध्याचे कसे झाले?

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या गावात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी बच्छराज बजाज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं. वयाच्या सतराव्या वर्षी दागिने घालण्यावरून आजोबांशी खटका उडाला. तेव्हा संपत्तीवरचा सगळा हक्क सोडत असल्याचं लिहून देऊन जमनालाल घराबाहेर पडले. आजोबांनी समजूत काढून त्यांना परत आणलं. पण हा पैसा आपला नाही, आपण फक्त त्याचे विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या मनात कायम राहिली.

वर्धा देशाच्या नकाशावर कशी आली?

- १९२१ : जमनालाल यांच्या आग्रहामुळे वर्ध्यात आश्रम सुरू झाला आणि विनोबा इथे आले. सरकारने दिलेली रायबहादूर पदवीही जमनालाल यांनी परत केली.
- १९२३ : नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचं नेतृत्व केलं, तुरुंगवास भोगला.
- १९२८ : वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं.
- १९३६ : गांधीजी शेगावात राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम. त्यासाठी जमीन जमनालाल यांनी दिली.

१९४१ मध्ये काय घडलं?

वैयक्तिक सत्याग्रहातला तुरुंगवास संपवून जमनालाल बाहेर आले, तेव्हा प्रकृती ढासळली होती. मनाला शांतता देईल असं काम ते शोधत होते. गांधीजींशी बोलून त्यांनी गोसेवा निवडली. ३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्ध्यात गोसेवा संघ सुरू झाला आणि जमनालाल गोपुरीच्या कुटीत राहायला गेले. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला वर्ध्यात गोसेवेवर परिषद भरली. त्यानंतर काही दिवसांतच, ११ फेब्रुवारीला, त्यांचं अचानक निधन झालं. वय होतं ५२. या कामासाठी त्यांना जेमतेम साडेचार महिने मिळाले.

गोसेवा म्हणजे नेमकं काय?

म्हातारी, भाकड गुरं पांजरपोळात ठेवली की झालं, एवढाच याचा अर्थ नव्हता. गांधीजी आणि जमनालाल यांच्या मते गाय शेतकऱ्याला परवडली, तरच ती जगणार होती. त्यासाठी मुख्य मुद्दे असे होते :

- चांगला वळू निवडून जात सुधारणं
- पुरेसा चारा आणि योग्य निगा
- गाईच्या दुधाला आणि तुपाला गिऱ्हाईक मिळवून देणं
- कत्तलीच्या नव्हे, तर नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा वापर

हे सगळं वर्ध्यात घडण्याला एक महत्त्व होतं. पांढऱ्या-करड्या रंगाची, हलक्या बांध्याची आणि चपळ चालीची गवळाऊ ही गाय याच भागातली.

याचा जंगलाशी संबंध काय?

जमनालाल यांनी वाघांचा किंवा रानगव्यांचा विचार करून हे काम हाती घेतलं नव्हतं. पण गुरांचं आरोग्य आणि जंगलाचं आरोग्य वेगळं नसतं, हे पुढे जगाने पाहिलं.

सर्वात मोठं उदाहरण बुळकांडीचं. १८९० च्या दशकात आफ्रिकेत ही साथ गुरांमध्ये पसरली आणि रानम्हशी, विल्डबीस्ट, जिराफही मेले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पूर्व आफ्रिकेत गुरांना लसी दिल्या गेल्या. रानातल्या जनावरांना कुणी सुई टोचली नव्हती, तरी सेरेंगेटीतले विल्डबीस्ट तीन लाखांच्या आतून दहा लाखांच्या पुढे गेले. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.

लाळ्या-खुरकूत आजही आहे. चरायला गेलेली गुरं आणि हरणं, गवे एकाच पाणवठ्यावर येतात, तेव्हा रोग इकडून तिकडे जातो. म्हणूनच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यातल्या आणि त्याभोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या गुरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. वर्धा जिल्ह्यातलं बोर १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. तिथल्या गावातला पशुवैद्यक गोठ्यात लस टोचतो, तेव्हा तो चितळाचीही काळजी घेत असतो, आणि चितळावर जगणाऱ्या वाघाचीही.

त्यांच्यानंतर काय झालं?

जमनालाल यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी आपली संपत्ती या कामाला दिली आणि गोसेवेची जबाबदारी खांद्यावर घेतली. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

गोपुरीत आज गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, मूर्तीही नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरली आहे आणि या शिळांच्या मांडणीत गाय आणि चरखा साकारले आहेत. वर्ध्याला आलात, तर सेवाग्रामसोबत इथेही जाऊन या.