विश्लेषण : पहिला वाटाणा कुणाच्या ताटात? राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची परसबाग

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे आणि पुढे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन (१७४३-१८२६) यांनी आणखी एक लिखाण आयुष्यभर चालू ठेवले. ते म्हणजे बागेची वही. मार्च १७६६ मध्ये सुरू झालेल्या या वहीत १८२४ पर्यंतच्या नोंदी आहेत. बी कधी पेरले, कधी उगवले, भाजी ताटात कधी आली. थंडीने रोपे मेली, हेही तितक्याच कोरडेपणाने लिहिलेले.

वसंताची तयारी कशी होई?

१७९३ मध्ये ते फिलाडेल्फियात परराष्ट्रमंत्री होते. बागेत कीड पडल्याचे मुलीने कळवले. जमिनीत कस नाही, म्हणून रोपे अशक्त आणि म्हणून कीड, असे त्यांचे निदान. येत्या हिवाळ्यात बागेवर शेणखताचा जाड थर द्यायचा, हा उपाय. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या टेकडीवरची त्यांची भाजीची बाग सुमारे १००० फूट लांब आणि ८० फूट रुंद होती. टेकडीचा उतार कापून ती सपाट केली आणि खालच्या अंगाला दगडी भिंत बांधली. थंड हवा दरीत उतरते, त्यामुळे वर दहिवराचा फटका कमी बसे. भिंतीच्या पायथ्याशी ऊब धरून राही. तिथे अंजीर लावले होते. भेंडी, वांगी, टोमॅटोही त्यांच्याकडे पिकत. लेट्यूस मात्र एकदम पेरायचे नाही. १ फेब्रुवारीपासून १ सप्टेंबरपर्यंत दर सोमवारी अंगुस्तानभर बी टाकायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि वाटाण्याची शर्यत?

वाटाणा त्यांचा सर्वांत आवडता. हिवाळा सरता सरता पेरणी होई. शेजाऱ्यांत पैज असे : ज्याचा वाटाणा आधी तयार, त्याने इतरांना जेवायला बोलवायचे. बहुतेकदा जॉर्ज डायव्हर्स हे शेजारी जिंकत. एका वर्षी जेफरसन यांचा वाटाणा आधी आला, पण डायव्हर्स यांचा मान राहावा म्हणून ते गप्प बसले, असे कुटुंबात सांगत. गोष्ट गोड आहे.

कुदळ कुणाच्या हातात होती?

वहीत हे फारसे उमटत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या अखेरच्या वर्षांत उतार कापला तो गुलाम मजुरांनी. वॉर्मली ह्यूज हे बागेचे मुख्य माळी, तेही गुलामच. माणसांच्या समतेचा मसुदा लिहिणाऱ्याच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे होती.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले, ते मोठे कर्ज मागे ठेवून. त्यांची कबर ह्यूज यांनी खणली. ह्यूज यांना कुटुंबाने मोकळे केले. पण जानेवारी १८२७ च्या लिलावात त्यांची पत्नी अर्सुला आणि मुले विकली गेली.