ताऱ्यांच्या जन्माचा शोध घेणारे नायगमवाला

हिवाळ्यात नौपाड्यातील गच्चीवरूनही दिसणाऱ्या मृग नक्षत्रातील तेजोमेघात तारे जन्म घेतात, हे आता सर्वज्ञात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्यावर वाद होता. तारे उल्कांच्या थव्यांतून घडतात, असा मातब्बर ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा सिद्धांत होता. तसे असेल तर उल्कांतील मॅग्नेशियममुळे तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा एका बाजूस पसरट दिसायला हवी होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांनी १८९१ मध्ये ती तपासली. रेषा रेखीव निघाली आणि लॉकियर यांच्या सिद्धांताला धक्का बसला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून साकारलेली नायगमवालांची वेधशाळा १९१२ मध्ये, ते निवृत्त होताच, बंद झाली. तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.