ताराबाई मोडक : शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या शिक्षिका



तुमच्या हजेरीपटावर दोन-चार नावं अशी असतीलच, ज्यांच्यापुढे गैरहजेरीच्याच खुणा जास्त दिसतात. गृहभेटीला गेलं की कळतं, मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबली आहे, मुलगा शेळ्यांमागे गेला आहे. आपण पालकांना चार गोष्टी समजावून परत येतो. आठवडाभर मूल येतं आणि पुन्हा दिसेनासं होतं. मग आपण म्हणून मोकळे होतो की पालकच उदासीन आहेत.

अशीच मुलं ताराबाई मोडक यांच्याही वाट्याला आली होती. त्यांनी काय केलं ते आज पाहू या.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केसकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरातून आडकाठी नव्हती. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती थोड्या होत्या, हे तुम्ही जाणताच. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो टिकला नाही. 1921 मध्ये ते वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. त्या काळात अशा बाईकडे समाज कोणत्या नजरेनं पाहत असेल, याची कल्पना करा. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या.

पद मोठं होतं, पण त्यांचं मन लहान मुलांकडे ओढ घेत होतं. जवळच भावनगरला गिजुभाई बधेका यांचा बालमंदिराचा प्रयोग चालू होता. गिजुभाईसुद्धा मूळचे वकील. माँटेसरीबाईंची पद्धत अभ्यासून त्यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. तिथे छडी नव्हती. गोष्टी, गाणी, नाटक आणि हाताने करायची कामं होती. 1923 मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. 1926 मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे मुंबईला येऊन 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. बालशिक्षणाचे शिक्षक घडवण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं.

इथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण दादरच्या शाळेत येणारी मुलं शिकलेल्या घरांतली होती. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला हे शिक्षण कसं मिळणार? महात्मा गांधींच्या नई तालीमच्या विचारात हाच प्रश्न होता. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत सोबत राहिल्या.

पहिली अडचण साहित्याची. माँटेसरीचं साहित्य महाग, खेड्याला न परवडणारं. मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हेच साहित्य झालं. मोजायला, प्रतवारी लावायला, रंग-आकार ओळखायला ते उत्तम. आणखी एक फायदा असा की शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो. त्याला हात लावायची भीती वाटत नाही. टाकाऊपासून टिकाऊ आपणही करतो, पण वस्तू निवडताना ती मुलाच्या घराजवळची आहे का, हे पाहतो का?

दुसरी अडचण मोठी होती. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी वर्गच वस्तीत नेला. शिक्षिका वस्तीत जायच्या, एखादं अंगण झाडून घ्यायच्या, मुलांना गोळा करायच्या. आधी आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई आपल्या दारातूनच हे सगळं पाहायची. परकं असं काही उरत नव्हतं. हीच अंगणवाडी.

पुढे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली आदिवासींचे पाडे. ताराबाईंचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. इथली मुलं घरकामाला जुंपलेली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची, म्हणून शाळेत येत नव्हती. यावर विकासवाडी हा उपाय निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. गुरं राखणारी मुलं तर दिवसभर रानात. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. एकीकडे गुरं चरायची, दुसरीकडे झाडाखाली अभ्यास चालायचा. तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती.

मित्रांनो, इथे जरा थांबून पाहा. तिन्ही ठिकाणी अडचण मुलाच्या जगण्यातली होती, आणि बदलली ती शाळा. मुलीनं भावाला कडेवरून उतरवावं आणि मग शाळेत यावं, अशी अट ताराबाईंनी घातली नाही. त्यांनी त्या भावासाठीही जागा केली.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशभर गावोगावी अंगणवाडी आहे. ते पाहायला मात्र ताराबाई नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे स्वतःची संस्था होती. आपल्याला वेळापत्रक, माहिती भरणं, प्रशिक्षणं, दोन-दोन वर्ग एकत्र. खरं आहे. सगळी शाळा आपण कुरणात नेऊ शकत नाही. पण भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत न पाठवणं आपल्या हातात आहे. ऊसतोडीहून चार महिन्यांनी परतलेल्या मुलाला सगळ्यांसमोर मागे पडलास असं न म्हणता, त्यानं तिकडे काय पाहिलं ते वर्गाला सांगायला लावणं आपल्या हातात आहे. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाचा शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी लिहिणंही आपल्याच हातात आहे.

उद्या हजेरी घेताना ज्या नावापुढे सारखी गैरहजेरी दिसते, असं एकच नाव निवडा. ते मूल का येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्याच्यासाठी आपल्या वर्गातली कोणती एक गोष्ट बदलता येईल, ते वहीत लिहा आणि महिनाभर करून पाहा.