विश्लेषण : बॉम्बविद्या शिकलेले पांडुरंग बापट धरणापुढे ‘सेनापती’ कसे झाले?

यवतमाळ : निम्न पैनगंगा प्रकल्पाला बुडीत क्षेत्रातील गावांचा विरोध आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मात्र धरणाला जमीन देणार नाही, असे म्हणत गावेच्या गावे उभी राहण्याची गोष्ट महाराष्ट्रात १०० वर्षांहून जुनी आहे. १९२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील मुळशीत ती घडली. तिचे नेते होते पांडुरंग महादेव बापट.

कोण होते बापट?

जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातील पारनेरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबराला इंजिनीअरिंग शिकायला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिस गाठून रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची माहिती मिळवली. १९०८ मध्ये ते परतले. अलीपूर बॉम्ब खटल्यानंतर काही वर्षे भूमिगत राहिले, पुढे अटक झाली. सुटल्यावर पारनेरला जाऊन त्यांनी चक्क हातात झाडू घेतला आणि गाव स्वच्छ करायला लागले.

मुळशीत नेमके काय झाले?

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. योजना तांत्रिकदृष्ट्या देखणी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातील भिऱ्याच्या वीजगृहात सोडायचे. एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी त्यामुळे उलटे, अरबी समुद्राकडे वळणार होते. इंजिनीअरिंगच्या परीक्षेत आम्ही ‘हेड’ म्हणजे पाण्याच्या पडण्याची उंची काढायचो. वरच्या तलावाखाली कोणाची शेते आहेत, हे गणितात कधी विचारले जात नसे. मुळशीत ती मावळ्यांची भातखाचरे होती आणि सुमारे ५० गावांना त्याची झळ बसणार होती. शिवाय कंपनी खासगी, तरी जमीन सरकारी कायद्याने सक्तीने घेतली जाणार होती. भांडण मुख्यतः यावर होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. यवतमाळकरांना लोकनायक बापूजी अणेंचा १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह ठाऊक असतो. मुळशी त्याच्या नऊ वर्षे आधीची. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह बापटांनी लढा चालवला. याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली.

लढा का हरला?

एकजूट टिकली नाही. काही जमीनमालकांनी, त्यात पुण्यातील सावकारही होते, मोबदला घेणे पसंत केले. जमीन कसणारी कुळे एकटी पडली. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले आणि धरणाची भिंत वाढत राहिली. गांधीजींच्या अहिंसेच्या कसोटीवरही बापट पुरते उतरले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून, हाती शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, भिऱ्यात वीजनिर्मिती सुरू झाली.

पुढे काय?

१९३१ मध्ये ते सुटले. नंतर पुन्हा तुरुंगवास, स्वातंत्र्यानंतर संयुक्त महाराष्ट्र आणि गोवा मुक्तीचे लढे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत.

मुळशीचा तलाव आजही वीज देतो. भिऱ्यातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिका नदीत जाते आणि कोलाडचे राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते. वीजगृहातून पाणी सुटले की पर्यटक वल्ही मारत खाली येतात. तलावाच्या काठावर मात्र विस्थापितांची पुढची पिढी राहते, आणि जमिनीच्या मालकीचे प्रश्न तिथे अजून निघतात.