घराघरांत चित्रे पोचवणारे राजा रविवर्मा



थोर चित्रकार राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किळिमानूर येथे झाला. लहानपणी ते भिंतींवर कोळशाने चित्रे काढत, असे सांगतात. त्यांचे मामा स्वतः चित्रकार होते. त्यांनी भाच्याला शिकवले. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात रविवर्मांच्या चित्राला बक्षीस मिळाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही त्यांच्याकडून रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे करून घेतली.

पण तैलचित्र एकच असते. ते राजवाड्यात टांगले की गरिबाला कुठले दिसणार? म्हणून १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. धाकटे भाऊ राजराज वर्मा सोबत होते. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणले.

खरी अडचण होती रंगांची. कुंचल्याने कितीही छटा मिसळता येतात, पण यंत्र एका वेळी एकच शाई छापते. म्हणून कारागीर मूळ चित्र न्याहाळून कुठे किती तांबडा, किती पिवळा, किती निळा हे ठरवत. प्रत्येक शाईला वेगळा सपाट दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे! मग दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे शाई फक्त काढलेल्या जागीच चिकटते. गडद छटेला ठिपके दाट, फिक्या छटेला विरळ. एकच कागद पाळीपाळीने सगळ्या दगडांवर छापायचा. तो जरा सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जायचा!

आता हे काम कॉम्प्युटर करतो, पण अडचण आहेच. आमच्या भित्तिपत्रकाची वरची पट्टी पडद्यावर पोपटी चमकत होती, कागदावर ती फिकी उतरली. सरांनी कारण समजावले. पडदा स्वतः लाल, हिरवा आणि निळा प्रकाश सोडतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळते, उरलेलाच आपल्याला दिसतो. म्हणून पडद्यावरचे रंग आधी आकाशी, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत बदलून घ्यावे लागतात. फार चमकदार रंग तेव्हा थोडे मंद होतातच.

रविवर्मांच्या छापील चित्रांमुळे लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांत आल्या. ज्यांना त्या काळी देवळात जाऊ देत नव्हते, त्यांच्याही घरी देव आला. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे काम आहे.

पण त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज वाढतच गेले. शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पुष्कळ चित्रे छापण्याचे हक्कही गेले. १९०५ साली भाऊ वारला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही गेले. छापखाना मात्र पुढे बरीच वर्षे चालला. १९७२ साली तो आगीत जळाला.

पालकहो, खिडकीत भिंग ठेवले आहे. त्यातून आमची पोपटी पट्टी जरूर पाहा. तुम्हाला रंगीत ठिपके दिसतील. घरी देवाचे जुने छापील चित्र असेल, तर तेही असेच पाहा. आणि ते जुने म्हणून टाकू नका!